आंजर्ल्याच्या वाळूवरची मारहाण
ओल्या सुंभाचा वास आला की आंजर्ल्याची ती सकाळ आठवते. कासवाची पिल्लं समुद्राकडे जाताना बघायला पर्यटक सुंभाच्या ओल्या दोरीमागे उभे होते. त्यातल्या एकाने दोरी ओलांडून फोटोसाठी पिल्लू उचललं. राखणीला असलेले माझे वडील म्हणाले, “दादा, खाली ठेवा त्याला.” त्याने हसत वडिलांना ढकललं आणि त्याच्या बुटाखाली दुसरं पिल्लू चिरडलं. वडिलांनी हातातली काठी त्याच्या तोंडावर हाणली. त्याचा दात पडला, वाळूवर रक्त सांडलं, तरी ते मारतच राहिले. मी कमरेला मिठी मारून त्यांना ओढलं. “सोड मला, बाय!” ते ओरडले. आम्हा पोरांना त्यांनी कधी बोटही लावलं नव्हतं. सगळे म्हणाले, पोरीने बापाला आवरलं म्हणून तो माणूस वाचला. मी चार फटके मुद्दाम पडू दिले होते, हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.