कोपऱ्यात लिहिलेलं ‘टाकलं’

शनिवारी सकाळी मी मिलिंदची वाट पाहत होतो, आणि आली त्याची धाकटी बहीण. सुजाताने पिशवीतून वाचनालयाची दोन पुस्तकं काढून माझ्या टेबलावर ठेवली. “दादाची हायत. आज द्यायची तारीख होती,” ती म्हणाली. मी सवयीने नोंद केली आणि विचारलं, “तो का नाही आला?” तिने रिकाम्या पिशवीची घडी घातली. “दादा मंगळवारी गेला, सर. झोपेतच.” त्याला चौतिसावं चालू होतं.

मिलिंद कोडोलीचा. आईवडील दुसऱ्यांच्या रानात राबले, घरातून कॉलेजला गेलेला तो पहिला. कोल्हापुरात कसबा बावड्याला एका सायबर कॅफेत तो कामाला होता. दुपारी गिऱ्हाईक नसायचं, तेवढ्या वेळात तो वेबसाइट करायला शिकला आणि मराठीतून गप्पा मारायची एक जागा त्याने इंटरनेटवर उभी केली. नाव ठेवलं ‘फड’. पुण्याची, नाशिकची, थेट दुबईची माणसं तिथे रोज बोलायची. अमक्या ब्राउझरमध्ये जोडाक्षरं का फुटतात, फॉन्ट कुठला घ्यावा, उद्या वाचायचेही पैसे द्यावे लागतील का... शिवाय वेब पेज कसं करायचं याचे सोप्या मराठीतले धडे मिलिंद स्वतः लिहायचा. इंग्रजीला घाबरणारी कितीतरी मुलं त्यावर शिकत होती, असं तो सांगे.

मी संगणकाला कधी हात लावला नाही. तरीही चार वर्षं मी फडावर बोलत होतो. दर शनिवारी मिलिंद आठवड्यातली चर्चा कागदावर छापून आणायचा, मी मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने माझं मत लिहायचो आणि बावड्याला परत गेल्यावर तो ते टाइप करून फडावर टाकायचा. पुढच्या शनिवारी कागद माझ्याकडे परत यायचा, वरच्या कोपऱ्यात त्याच्या बारीक अक्षरात एकच शब्द : ‘टाकलं’. “ग्रंथपालकाका शनिवारचंच बोलत्यात, बाकीचे सहा दिवस मौन हाय काय?” असं दुबईत नोकरीला असलेल्या एका राधानगरीच्या गड्याने एकदा लिहिलं होतं. ते वाचून दाखवताना मिलिंदला हसू आवरत नव्हतं. छापलेल्या कागदांवर सगळ्यांचं बोलणं असायचं, त्याचं मात्र नसायचं. मी विचारलं, तर म्हणाला, “माझं कशाला छापायचं, सर? मी समोर बसलोय की.”

मग एका शनिवारी तो जरा अवघडून बसला. फडावर वर्दळ वाढली होती, सर्व्हरचं भाडं पगारातून झेपत नव्हतं. गप्पा सगळ्यांना खुल्या ठेवायच्या आणि धडे वाचायला वर्षाची थोडी वर्गणी घ्यायची, असं त्याने सुचवलं होतं आणि सगळ्यांची मतं मागितली होती. मी लिहिलं. मनापासून लिहिलं, तीच तर चूक झाली. ज्ञानाच्या दाराशी पैसे मागू नयेत, ज्याने मागितले त्याने दार बंदच केलं असं समजावं... असं पानभर. मिलिंदने उभ्यानेच वाचलं.

“हे असंच टाकू?”

“असंच टाक.”

“माझ्या विरुद्ध हाय, सर.”

“आहे. पण मला पटतं ते हेच.”

“बरं,” तो म्हणाला. कागदाची घडी खिशात ठेवली आणि जाता जाता वाचनालयाची त्या महिन्याची वर्गणी टेबलावर ठेवून गेला. मी पावती फाडून दिली. पावती फाडतानाही माझ्या काही लक्षात आलं नाही.

माझं ते पानभर मत त्याने बावड्याला जाऊन एकेक अक्षर टाइप केलं. लोकांना ते फार आवडलं. आठवडाभर माझीच वाक्यं फडावर फिरत होती, आणि वर्गणीचा विषय मिटला. मिलिंदने रविवारी शिकवण्या धरल्या. त्यानंतर दोन वर्षं तो आला तो थकलेलाच आला. मला ते दिसत होतं. मी त्याला नवी पुस्तकं काढून देत होतो.

तो गेल्यावर महिन्याभराने मी आयुष्यात पहिल्यांदा सायबर कॅफेत गेलो, त्याच्याच. तिथल्या मुलीला म्हटलं, फड उघडून दे. तिने दोनदा पाहिलं. “भाडं संपलं असणार, काका. बंद झालाय.” पासवर्ड घरात कुणाला ठाऊक नव्हता. धडे दुसरीकडे कुठे ठेवलेले नव्हते. पांढरा पडदा आणि त्यावर इंग्रजीत एक ओळ... फड म्हणून मी पाहिलं ते एवढंच.

माझ्या खणात कागदांचा गठ्ठा आहे. त्यात नाशिककर आहेत, राधानगरीचा गडी आहे, मी तर पानोपानी आहे. मिलिंदची एक ओळ नाही. आहे तो कोपऱ्यातला शब्द. त्या पानभर मतावरही तो आहे, नेहमीइतकाच नीट लिहिलेला.

सगळ्यात वरचा कागद शेवटच्या शनिवारचा. कुणा मुलाने फडावर लिहिलं होतं : तुमच्या धड्यांवर मला नोकरी लागली, पैसे पाठवायचे आहेत, नाही म्हणू नका. “याला काय सांगू, ते तुम्हीच लिवा,” मिलिंद म्हणाला होता. मी म्हटलं, विचार करून पुढच्या शनिवारी देतो. आठवडाभर कागद माझ्याकडेच राहिला. शुक्रवारी मी मागे एकच शब्द लिहिला, ‘घे’. तोवर त्याला जाऊन तीन दिवस झाले होते.

त्या कागदाचा कोपरा कोरा आहे.