बाबांचं अर्धं वाक्य

गेल्या आठवड्यात आमचे बाबा टीव्हीवर झळकले... आणि नंतर चार-पाच दिवस घरात कोणाला धड जेवण गेलं नाही.

झालं असं, की आई-बाबा भांडुप स्टेशनबाहेर भाजी घ्यायला गेले होते. तिथे एका न्यूज चॅनलची मुलगी माइक घेऊन येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत होती, बाहेरून आलेल्या लोकांमुळे मराठी माणसाचं नुकसान होतंय का? रिटायर झाल्यापासून बाबांना कोणी मत विचारत नाही. त्यामुळे ते खुशीत, भरभरून बोलले. घरी येऊन मालवणच्या आत्यालासुद्धा फोन केला, टीव्ही लावून ठेव म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी अंधेरीला ऑफिसात डबा उघडत होते, तेवढ्यात मैत्रिणीने मोबाइल पुढे केला. "हे तुझे बाबा ना गं? काय बोललेत यार!"

स्क्रीनवर खरंच बाबा. मागे धडाधड म्युझिक, खाली लाल पट्टी... 'भूमिपुत्राचा संताप'. आणि बाबा म्हणत होते, "ह्यांना हाकला. ह्यांच्यामुळे आमच्या पोरांना काम नाही." बस्स, एवढंच.

आणि मी ते खरं मानलं. माझ्याच बापाबद्दल. वाटलं, दिवसभर घरात त्याच डिबेट चालू असतात, चढला असेल रंग... चिडून घरी आले, तर टीव्ही बंद आणि बाबा खिडकीपाशी बसलेले.

"मी असा बोललंयच नाय गो!" एवढंच ते परत परत म्हणत होते.

मग आईने सांगितलं. ती शेजारीच पिशवी धरून उभी होती. बाबा म्हणाले होते, "सगळे म्हणतात, ह्यांना हाकला. ह्यांच्यामुळे आमच्या पोरांना काम नाही. पण माझी बायको जिन्यात पडली, तेव्हा तिला उचलून रिक्षात घालणारा आमचा इस्त्रीवाला शिवपूजनच होता. मग मी कोणाला हाकलू?" चॅनलने पुढचं कापलं, मागचं कापलं, आणि मधलं तेवढं दाखवलं.

शिवपूजन मूळचा जौनपूरचा. आमच्या सोसायटीच्या गेटपाशी त्याची इस्त्रीची टपरी, मागच्याच चाळीत तो राहतो. मी शाळेत होते तेव्हापासून आमचे कपडे त्याच्याकडे.

शिव्या पडल्या असत्या तर बाबांनी सहन केल्या असत्या. पण पडल्या टाळ्या. सोसायटीच्या ग्रुपवर नुसता पाऊस... 'काका, जिंकलंत!' 'कोणीतरी बोललं एकदाचं!' सेक्रेटरींनी तर रविवारच्या मीटिंगमध्ये शाल-श्रीफळ जाहीर केलं. बाबांनी एका बोटाने टाइप करत खुलासा टाकला. त्यावर एकाचं उत्तर आलं, 'घाबरू नका काका, आम्ही पाठीशी आहोत.'

ही काही वाईट माणसं नाहीत हो. आईच्या आजारपणात यांच्याच घरून डबे यायचे. पण रोज टीव्हीवर तेच, फोनवर तेच... मनात आधीच जागा तयार होती. बाबांचं वाक्य तिथे फिट्ट बसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा खाली गेले तर टपरी बंद, वर निळी ताडपत्री. फोन स्विच ऑफ. वॉचमन म्हणाला, "बायको-मुलींना घेऊन भावाकडे गेलाय, वाकोल्याला." जाण्याआधी त्याने सगळ्यांच्या कपड्यांना इस्त्री करून गठ्ठे वॉचमनकडे ठेवले होते. टाळ्या वाजवणाऱ्यांचेसुद्धा.

बाबांनी पुढ्यातला चहा तसाच सरकवला. शनिवारी वॉचमनकडून पत्ता घेतला आणि मी त्यांना रिक्षात घातलं.

वाकोल्याच्या त्या गल्लीत रिक्षा शिरेना. चालत गेलो. दार शिवपूजननेच उघडलं. बाबांनी वाटेत काय काय बोलायचं ठरवलं होतं, पण दारात नुसते हात जोडले.

"काका, आधी आत या," तो म्हणाला. पाणी आणलं. मग म्हणाला, "ही रडत होती, बघा काका काय बोलले म्हणून. मी म्हटलं, कापलंय काहीतरी. काका एवढ्यात कधी थांबतात काय?"

मला हसू फुटलं. त्याच्या बायकोलाही. बाबांनी मात्र तोंडावर रुमाल धरला...

"मग पळालास कशाला रे?" रुमाल खिशात ठेवत बाबांनी विचारलं.

"तुमची भीती नाही वाटली, काका. टाळ्या वाजवणाऱ्यांची वाटली. पोरींची शाळा त्याच रस्त्याने आहे ना."

बाबा एवढंच म्हणाले, "उद्या मीटिंगमध्ये बोलतो. पटलं तर ये."

रविवारी बाबांनी शाल घेतली नाही. उभे राहिले आणि सगळं बोलले, अगदी चॅनलच्या मुलीने काय विचारलं तिथपासून. मग आई उठली आणि तिने जिन्यातली गोष्ट सांगितली. दोघे उठून गेले, एकाने फोनमध्ये डोकं घातलं. पण पहिल्या मजल्यावरच्या काकू सगळ्यांदेखत म्हणाल्या, "अहो, माझे पण गॅस सिलिंडर तोच वर आणून देतो. बोलवा त्याला." सेक्रेटरींनीच मग शिवपूजनच्या भावाच्या नंबरवर फोन लावला.

मंगळवारी शिवपूजन परत आला. मुली दप्तरं घेऊन शाळेत गेल्या आणि परत आल्या. दोन्ही वेळा बाबांनी गेटपर्यंत जाऊन बघितलं, तेव्हा कुठे ते पोटभर जेवले.

क्लिप अजून फिरतेय. चॅनल पुढचं वाक्य दाखवणार नाही, आणि दाखवलं तरी बघणार कोण... म्हणून इथे पूर्ण लिहिलं.

अख्खं जग एकीकडे आणि आपल्याला ओळखणारा एक माणूस एकीकडे, असा माणूस बाबांना मिळाला. तो त्यांच्या घरातला नव्हता, हे मला लागलंय. पण होता... बरं झालं बाबा, तो होता.