बॉनेटवरचा कौल

"बंद कर ते. आख्खी चाळ बहिरी करशील." भिकूतात्या माझ्या टॅक्सीच्या बॉनेटवर थापा मारत ओरडत होते. "भंगारात घाल हे इंजिन. दुसरं तयार आहे, संध्याकाळपर्यंत बसवून देतो."

आधीच सांगतो — भूतखेत, देवदेवस्की यांवर माझा काडीचा विश्वास नाही. तेव्हाही नव्हता. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात होती. रविवार, भर दुपार, लालबागला आमच्या चाळीमागची तात्यांच्या गॅरेजची पत्र्याची शेड.

आवाजाचं म्हणाल तर, मी परळच्या नाक्यावर वळलो की वरळीची कुत्री भुंकायला लागायची. एकदा सभेच्या कडेने गेलो, तर वक्ते भाषण थांबवून म्हणाले, "आधी त्यांचं होऊ दे." खोटं वाटत असेल तर वाटू दे...

पण ते इंजिन माझ्या वडिलांनी जोडलं होतं. गिरणीतले फिटर. ते गेल्यावर त्यांच्या हातचं एवढंच उरलं होतं.

"दुरुस्त करा, तात्या."

"काय दुरुस्त करू? तीनदा उघडलं. दोष सापडला तर करीन ना."

माझी बायको सुमती चहा घेऊन आली होती. म्हणाली, "भांडताय कशाला? कौल लावा."

गावी देवळात लावतात तसा. देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं, आणि आधी कुठली पडते ते बघायचं. मी हसलो. पण तात्या पडले मालवणचे. त्यांनी जास्वंदीच्या दोन पाकळ्या भिजवून बॉनेटवर लावल्यासुद्धा. उजवी पडली तर दुरुस्ती, डावी पडली तर नवं इंजिन. मला म्हणाले, "चालू ठेव. झोपलेल्या देवाला कोण विचारतं?"

मग हात जोडून — "बा देवा म्हाराजा, ह्येच्या बापाशीच्या इंजिनाचा काय करूचा, ता तूच सांग म्हाराजा..."

"होय म्हाराजा," अख्खी शेड.

बॉनेट इतकं थडथडत होतं, की त्यावरचा पाना आपल्या पायांनी चालत जाऊन खाली पडला. पाकळ्या ढिम्म. आणि एकदम... आवाज गेला. इंजिन बंद पडलं नव्हतं हं. पंखा गरगरतोय, धूर येतोय, आणि आवाज नाही. त्या शांततेत एक पाकळी घसरली. लगेच खडखडाट पुन्हा सुरू.

"डावी," बॉनेटसमोर उभे असलेले तात्या म्हणाले.

"उजवी," स्टिअरिंगवरून मी.

दोघेही खरे. चहा निवला तरी वाद मिटेना. शेवटी सुमतीने विचारलं, "तात्या, देवळात उजवी कोणाची धरतात? देवाची की तुमची?"

"देवाची," म्हणत तात्यांनी गाडीकडे बघितलं. गाडीचं तोंड त्यांच्याकडे. म्हणजे गाडीची उजवी ती माझी उजवी. त्यांनी पाना उचलला.

संध्याकाळी किल्ली फिरवली, तर चालू झालंय की नाही हे बघायला बॉनेटवर हात ठेवावा लागला. पुढे टॅक्सी विकेपर्यंत ते इंजिन तसंच चाललं. गिऱ्हाईक विचारायचं, मागून कोणी ढकलतंय का.

त्याच संध्याकाळी मी तात्यांना बाजूला घेऊन विचारलं होतं, खरं सांगा, बिघडलं होतं तरी काय?

हात पुसत ते म्हणाले, "काय म्हायत. झाकाण काढलंय, बघितलंय, परत लावलंय."