ओरडणाऱ्याला गेलेली सवलत

बर्गरच्या त्या दुकानात सगळे तिला साखरताई म्हणत. डोक्यावर बर्फ आणि तोंडात साखर ठेवून सोळा वर्षे जिने काउंटर सांभाळला, तिला दुसरे नाव शोभलेही नसते. मुदत संपलेले कूपन आपटत कुणी यावे, दुकानाच्या सात पिढ्यांचा उद्धार करावा, आणि पाच मिनिटांत तिचा निरोप घेऊन हसत जावे. संतापाला बांध घालायचा नसतो, उतार दाखवायचा असतो, ही विद्या तिला कुणी शिकवली नव्हती.

दुकानाने तिला एक अधिकारही दिला होता. दिवसातून तीन वेळा ती मुदत संपलेले कूपन चालवून घेऊ शकत असे. तीनच वेळा, चौथ्यांदा बिलाचे यंत्र ऐकत नसे. त्या तीन सवलती ती जपून ठेवी, आणि ठेवी ती ओरडणाऱ्यांसाठी. गप्प माणूस नियम सांगितला की आपणहून निघून जातो, हा तिचा ठोकताळा. तो कधी चुकला नव्हता. बाबांनो, जो ठोकताळा कधीच चुकत नाही, त्याला माणसाने भ्यावे.

एका रविवारी दुपारपर्यंत दोन सवलती खर्ची पडल्या होत्या. तेव्हा एक रंगारी आला. नखांत पांढरा रंग, हाताशी आठेक वर्षांची लेक. एका बर्गरवर एक मोफत, असे कूपन त्याने दोन्ही हातांनी पुढे केले. मुदत कालच संपली होती. साखरताईने गोड शब्दांत तारीख दाखवली.

“आजच सुट्टी मिळाली हो, ताई,” तो म्हणाला. आवाज चढला नाही. “असू द्या. एकच द्या.”

बाबा, तुमचा कुठे, असे लेकीने विचारले. सकाळी इतका जेवलोय की पट्टा तुटेल, असे त्याने सांगितले. लेक हसली. साखरताईला हसू आले नाही. त्या पट्ट्याला खिळ्याने पाडलेले जास्तीचे भोक तिला दिसत होते.

दोघे खिडकीशी बसले. लेक खात होती, बाप तिचे खाणे पाहत होता. तिसरी सवलत अजून शिल्लक होती. एक हाक मारायची, एवढेच. तिने मान वर केलीही.

इतक्यात एक गृहस्थ कूपन फडकवत रांग मोडून आले. “फोटो भिंतीएवढा आणि तारीख मुंगीच्या पायाएवढी? लोकांना आंधळे समजता काय?”

रांग थबकली. मॅनेजर आतून डोकावला. आणि सोळा वर्षांच्या सवयीने तिचे बोट यंत्रावर गेले.

“काका, पुढच्या वेळी मुंगीला बूट घालून आणते,” ती म्हणाली. रांग हसली, काका हसले, सवलत गेली.

जाताना रंगारी मुद्दाम काउंटरशी आला. “ताई, पोरीला फार आवडलं,” एवढे सांगून, लेकीचा हात धरून निघाला. जिच्या जिभेने शेकडो राग विझवले, ती त्या कृतज्ञतेपुढे पुसलेला काउंटर पुन्हा पुसत राहिली. पदरचे पैसे घालूनही एक बर्गर देता आला असता, हे तर तिला घरी पोचल्यावर सुचले.

आता ती रोजची पहिली सवलत गप्प माणसाला देते. ओरडणाऱ्यांच्या तक्रारी वाढल्या, मॅनेजरने दोनदा बोलावून सुनावले. तिने मान खाली घालून ऐकून घेतले. गप्प माणसे आनंदून जातात, तिला दुवा देतात. तिला तो घेववत नाही. ज्याची ती सवलत होती, तो पुन्हा आलाच नाही.