बदललेली तेवढीच किनार

गल्लीत खोदणाऱ्यांनी केबल तोडली आणि मुलानं जाहीर केलं, "आई, नेट गेलं. तुझं डिझाइन आता उद्याच."

उद्या कसं चालेल? संध्याकाळी व्यापारी चादरीचा नमुना बघायला येणार होता आणि त्यात पहिल्यांदाच माझी किनार होती. या घरात मी जन्मभर मागासाठी सुताच्या कांड्या भरल्या. किनारी काढायच्या त्या पुरुषांनी.

"नेट गेलं, वायफायचा डबा न्हाई गेला," मी म्हटलं. "दिवे बघ की त्याचे. माझा टॅब हितं, तुझा कॉम्प्युटर मागच्या खोलीत मागाजवळ. मधी एक भिंत. तेवढ्यासाठी डिझाइननं नेटवरनं परदेशाला जाऊन यायचं व्हय?"

नातीनं एक प्रोग्राम घालून दिलाय. माझा टॅब, शेजारच्या धाकट्या जावेचा टॅब आणि मुलाचा कॉम्प्युटर त्यातून घरातल्या वायफायवरच एकमेकांशी थेट बोलतात. तेही मोजकं. अख्खी चादर पाठवत नाहीत, बदललेला तेवढाच तुकडा. मी नवी सून असताना माहेरून आले की गोष्ट एसटीत बसल्यापासून सुरू करायची. कंडक्टर, खिडकी, शेजारणीची कोंबडी. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. सासूबाई हात जोडायच्या, "कालच्यापेक्षा नवं काय ते सांग गं बाई!" सून म्हणून या यंत्रालाच आणायला हवं होतं.

मुलगा मागे गेला आणि तिथूनच ओरडला, "आलं की! पण किनारी दोन आल्यात!"

मी किनार बदलत होते त्याच वेळी पलीकडे जाऊही तीच बदलत बसली होती. माझ्या हिरव्या पाखरांना तिनं टोपरी घातली होती. अशा वेळी प्रोग्राम निवाडा करत नाही, दोन्ही प्रती ठेवतो.

"एक पुसतो," मुलगा म्हणाला. "काकूची जरा बरी दिसतीय."

पूर्वीची मी असते तर 'तिचंच छान' म्हणून चहा ठेवायला गेले असते, वर साखर जास्त घातली असती. त्या बावळट बाईला मी आता दारात उभी करणार नाही.

"पुसून तर बघ! यंत्रानं पुसली न्हाई, तू कोण पुसणारा?"

भिंतीपलीकडून जाऊ ओरडली, "अक्का, बोडकी पाखरं बरी दिसत न्हाईत!"

"तुझ्यांना सर्दी झाली आसंल. माझी धडधाकट हायत!" आणि मुलाला म्हटलं, "दोन्ही मागावर चढव. एका टोकाला तिची, एका टोकाला माझी."

"व्यापारी काय म्हणंल?"

"म्हणू दे की. माझ्या तोंडावर म्हणू दे."

माग सुरू झाला. मी जावेला हाक मारली आणि व्यापाऱ्याच्या खुर्चीसमोर आमच्या दोघींच्या खुर्च्या ओढल्या.