चेहरा बघून बटण

कुठलाही काटा वाचण्याआधी आमच्या शेजारचे काका काचेवर नखानं दोनदा टकटक करायचे. कारखान्यात त्यांचं काम मीटर तपासण्याचं. पण घरचं घड्याळ, आमच्या स्कूटरचा स्पीडोमीटर, काही म्हणून सुटायचं नाही. "अडकलेला असतो, बरं का," असं वर सांगायचे. टाउनशिपमध्ये राहिलेल्यांनी असा एक तरी शेजारी पाहिलाच असेल.

त्यांची शुभदा माझ्या वर्गात. तिला सगळं यायचं, पण आलेलं बरोबर आहे ना, याची ती मनातल्या मनात दोनदा खात्री करायची. भोपाळच्या टीव्हीवर शाळांची प्रश्नमंजूषा सुरू झाली आणि आम्हा दोघींची जोडी निवडली गेली, तेव्हा काकांना हीच काळजी लागली. आधी बटण दाबेल त्यानंच उत्तर द्यायचं होतं. चार इमलीच्या सरकारी बंगल्यांतली साहेबांची मुलं चटपटीत. शुभदाचा हात पुढे होईपर्यंत ती उत्तर देऊन मोकळी होणार.

एका संध्याकाळी काकांनी मला एकटीला अंगणात बोलावलं. बटण तू दाबायचंस, म्हणाले. मी म्हटलं, मला कुठे काय येतं? यायची गरजच नाही, ते म्हणाले. प्रश्न ऐकूच नकोस, शुभदाकडे बघ. उत्तर सापडलं की तिचा खालचा ओठ जरासा सैल पडतो. पाळण्यात होती तेव्हापासून मी बघतोय.

"आणि तिला सांगू नकोस. सांगितलं की चेहरा बदलतो."

मला गंमतच वाटली. पंधरा दिवसांत मी तो ओठ शिकले. मी दाबायची, शुभदा उत्तर द्यायची, आणि आम्ही जिंकत गेलो. परतताना ती आनंदानं विचारायची, "तुलाही येत होतं ना गं?" मी हो म्हणायची.

उपांत्य फेरी टीव्हीवर दाखवली त्या रविवारी काकांच्या बाहेरच्या खोलीत सगळा शेजार जमला होता. पडद्यावर निवेदक प्रश्न वाचत होते, बाकीची मुलं त्यांच्याकडे बघत होती आणि मी टक लावून शुभदाकडे. दर प्रश्नाला तेच. लोक टाळ्या वाजवत होते. शुभदानं माझ्याकडे पाहिलं, मी काकांकडे, आणि काका टीव्हीकडेच बघत राहिले. त्या रात्री तिनं विचारल्यावर मी सगळं सांगून टाकलं.

अंतिम फेरीत तिचा चेहरा बंद होता. मला काही म्हणता काही दिसेना. दुसऱ्या शाळेनं बटण दाबलं की ती मला एकटीला ऐकू जाईल इतक्या हळू बरोबर उत्तर सांगायची. एकही चुकलं नाही. आम्ही शेवटच्या आलो.

काका रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. शुभदा त्यांच्याशी नीट बोलायची, विचारलेलं सगळं सांगायची, फक्त चेहऱ्यावर काही येऊ द्यायची नाही. पुढे ती शिकायला गेली, बंगळुरूला नोकरीला लागली. मी माहेरी आले की काका कुंपणाशी येऊन विचारायचे, तुला काही म्हणते का ती? मला त्यांची फार दया यायची आणि स्वतःची लाज. लेकीचा चेहरा इतका पाठ असणारा दुसरा बाप मी पाहिला नाही, आणि तो चेहरा आम्ही दोघांनी मिळून वापरला होता.

काका गेले त्याच्या आठवडाभर आधी मी अयोध्या नगरच्या त्यांच्या निवृत्तीनंतरच्या घरी गेले. शुभदा रजा घेऊन आली होती, त्यांना चमच्यानं पेज भरवत होती. काकांनी मला जवळ बोलावलं. "तिचा राग गेला का गं? तुला कळायचं."

मी शुभदाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिनं पाहू दिलं.

"गेला, काका."

दारापर्यंत सोडायला आली तेव्हा तिनं विचारलं, "दिसलं तुला तसं?"

या खेपेला मी खोटं बोलले नाही. नाही म्हटलं. तिनं मान हलवली आणि पेज गार होतेय म्हणत आत गेली.