पूर्वा झोपली ती दुपार

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवळात हात जोडून मनातल्या मनातही नाही. मग तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

रत्नागिरीत जेटीजवळ मी बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. पूर्वा झाली तेव्हा आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. पूर्वा रडायची. सगळीच बाळं रडतात, म्हणाल. पण ही — अंग ताठ करून, मुठी आवळून, लालबुंद होऊन रडायची. डॉक्टर म्हणाले, पोटात कळा येतात, काही महिन्यांत आपोआप थांबेल. आम्ही बेंबीभोवती हिंग लावला, ओव्याच्या पुरचुंडीने शेकलं, दृष्ट काढली. साडीची झोळी बांधली. झोका थांबला की रडणं सुरू. शेवटी माझ्या बायकोने, वैशालीने, अंजनवेलहून तिच्या आईला बोलावून घेतलं.

आई आल्या आणि घर जरा ताळ्यावर आलं. रोज सकाळी पोरीला पायांवर घेऊन तेल लावायच्या, न्हाऊ घालायच्या, आणि शेवटी दोन्ही पाय धरून क्षणभर उलटी करायच्या. आपली सगळी मुलं त्यांनी तशीच वाढवली होती. न्हाल्यावर पूर्वा थोडी तरी झोपायची.

आणि मग ती दुपार. ऑक्टोबरचा उकाडा, वीज गेलेली. वैशाली किती दिवसांत घराबाहेर पडली नव्हती. मीच म्हटलं होतं, आईंबरोबर बाजारात जाऊन ये, मी बघतो पोरीला. हो — मीच.

त्या गेल्या आणि पूर्वा सुरू झाली. खांद्यावर घेतली, झोळीत घातली, परत काढली, दारात फिरवली. थांबेना. शेजारणीने खाडकन खिडकी लावून घेतली. मी पूर्वाला काखांत धरून समोर उचललं आणि — हलवलं. जोरात. ‘गप्प बस’ म्हणून ओरडत. तिची मान मागेपुढे होत होती. मला ती दिसत होती. दिसत असूनही मी लगेच थांबलो नाही. रागात कळलं नाही असं म्हणता आलं असतं. पण कळत होतं.

ती गप्प झाली. डोळे अर्धवट मिटले. तेव्हा मला काय वाटलं, सांगू? सुटलो, असं वाटलं. झोळीत ठेवली आणि पाणी प्यायलो.

दोघी परत आल्या तर घर शांत. वैशाली दारातच कुजबुजली, “झोपली? कशी ओ झोपवलीत?” आईंनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. मी म्हणालो, “झोपली आपली.”

संध्याकाळी ती दूध ओढेना. उलटी झाली, मग हातापायांना झटके येऊ लागले. रिक्षाने दवाखाना, तिथून रुग्णवाहिकेने कोल्हापूर. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, डोक्याच्या आत रक्त साठलंय. विचारलं — पडली का कुठे? कुणी जोरात हलवलं का?

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं, की आता तसं आठवायला बरं वाटतं? आई आधी बोलल्या. “मीच गो वैशू. माज्याच हातान झालं. पायांना धरून उलटी करते ना रोज...” आणि फरशीवरच बसल्या. वैशालीने त्यांच्याकडे पाहिलं. तशी नजर मी तिच्या डोळ्यांत कधी पाहिली नव्हती. ती माझ्यावर पडायला हवी होती. मी खाली बघत राहिलो.

आई अंजनवेलला गेल्या त्या गेल्याच. वैशालीने पुन्हा बोलावलं नाही. गावातल्या बाळांना न्हाऊ घालायला त्यांना बोलावणं यायचं. तेही त्यांनी सोडलं. तान्हं मूल कुणी मांडीवर द्यायला आलं तर हात मागे घ्यायच्या, असं ऐकलं.

पूर्वा आता शाळेत जायच्या वयाची आहे. बसत नाही, बोलत नाही. झटक्यांच्या औषधाने बराच वेळ झोपूनच असते. वैशाली तिला मऊ भात भरवते, कूस बदलते, आताशा उचलताना स्वतःची कंबर धरते. यापुढे सुधारणा नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय.

मागच्या वर्षी आई गेल्या. बाराव्याहून परतताना एसटीत पूर्वा वैशालीच्या मांडीवर आडवी होती. खिडकीबाहेर बघत वैशाली म्हणाली, “शेवटपर्यंत मी तिला घरात घेतलं नाही. चुकलं का ओ माझं?”

तेव्हा तरी? बस अर्धी रिकामी होती. आजूबाजूला ऐकणारं कुणी नव्हतं.

मी म्हणालो, “त्यांनी काय मुद्दाम केलं होतं? आता माफ कर त्यांना.” हळू आवाजात, समजूतदार माणसासारखं म्हणालो.

ती रडली. “केलं,” म्हणाली, आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. मी टेकू दिलं.